कार्ब्युरेटरचे ट्युनिंग : दोन स्क्रूंचे गणित

१ एप्रिल २०२० रोजी 'भारत स्टेज-६' निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकली-स्कूटरवरून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. मात्र त्यापूर्वीच्या असंख्य दुचाकी आजही रस्त्यावर आहेत आणि 'अ‍ॅव्हरेज वाढवून देतो' म्हणत त्यांच्या कार्ब्युरेटरला स्क्रू-ड्रायव्हर लावणारे हातही कमी नाहीत. या स्क्रूने नेमके काय होते, हे गाडीच्या मालकाला ठाऊक असलेले बरे.

इंजिन हवा आत ओढते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल बारीक छिद्रांच्या जेटमधून फवाऱ्यासारखे वर येते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल अधिक झाले की मिश्रण 'रिच', हवा अधिक झाली की 'लीन'. रिच मिश्रणाने प्लग काजळतो, धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि गाडी पीयूसी चाचणीत अडकते. लीन मिश्रणाने इंजिन तापते, पिकअप अडखळतो, प्लगचे टोक पांढुरके दिसते. फिकट तपकिरी रंग हे निरोगी प्रकृतीचे लक्षण.

बाहेरून फिरवण्याजोगे स्क्रू साधारणपणे दोनच. एक थ्रॉटल किंचित उघडा ठेवून इंजिनाची संथ गती ठरवतो, दुसरा त्या गतीतले मिश्रण. गैरसमज आहे तो इथेच. मिश्रणाच्या स्क्रूचा प्रभाव मुख्यतः थ्रॉटल पाव भाग उघडेपर्यंत असतो. पुढचा कारभार जेट-नीडल आणि मेन जेट पाहतात. त्यामुळे हमरस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज या स्क्रूने फारसे वाढत नाही. सिग्नलवर गाडी बंद पडू लागते, एवढेच.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हचे अंतर आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधला रबरी जोड तपासावा. तेथून हवा गळत असेल तर सारी मेहनत वाया जाते. त्यानंतर इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे, चोक बंद असल्याची खात्री करावी आणि गाडी मेन स्टँडवर उभी करावी. हे काम मोकळ्या जागेतच करावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि बंद पार्किंगमध्ये तो जीवघेणा ठरतो.

इंजिन बंद करून मिश्रणाचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने अलगद टेकेपर्यंत फिरवावा. फेरे मोजून लिहून ठेवावेत. बिघडल्यास परतीची वाट तीच. जोर लावल्यास स्क्रूच्या टोकावर वळ उमटतो आणि तो निकामी होतो. मग तो मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे, बहुधा दीड ते दोन, उलट फिरवावा. इंजिन सुरू करून पाव-पाव फेऱ्याने दोन्ही बाजूंना न्यावा; जेथे इंजिन सर्वाधिक वेगाने आणि एकसुरात चालते, तेथे थांबावे. वाढलेली गती दुसऱ्या स्क्रूने मॅन्युअलमधील आकड्यावर आणावी. १०० सीसीच्या मोटारसायकलींत ती मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. आवाज चढल्यास दोष केबलच्या ताणात असतो.

एक खुबी मात्र लक्षात ठेवावी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. बाहेर फिरवल्यास मिश्रण लीन होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा. बाहेर फिरवल्यास ते रिच होते. हा फरक न जाणणारा मेकॅनिक नेमके उलटे करून बसतो.

हवामान आणि उंचीचाही हिशेब आहेच. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने मिश्रण रिच होते. तेथे जुळवून घेतलेली गाडी मैदानात तशीच पळवली तर ती लीन चालते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळल्याचा परिणामही तसाच, कारण इथेनॉलमध्ये वजनाने एक तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन असतो. इंजेक्शनची यंत्रणा सेन्सरच्या आधारे स्वतःला सावरते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. जुन्या गाडीत असे इंधन भरल्यावर सुरुवातीचा पिकअप अडखळू लागला, तर प्लगचा रंग पाहून पाव फेरा रिच करणे पुरते. रबरी नळ्या आणि वॉशर फुगले-चिरले असतील, तर ते आधी बदलावेत.