रोख होन आणि वतन

चाकरीवरील मनुष्य मनापासून काम केव्हां करतो, हा प्रश्न अलीकडे कचेऱ्यांतून व कारखान्यांतून पुष्कळ चर्चिला जातो, आणि तो जणूं यंत्रयुगानेंच निर्माण केला अशी अनेकांची समजूत दिसते. वस्तुतः ज्यानें म्हणून चार माणसें पदरीं बाळगलीं, त्या प्रत्येकास तो सोडवावा लागला आहे. मराठ्यांच्या इतिहासांत तर एका पिढीच्या अंतरानें त्याचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं गेलीं.

पहिलें उत्तर शिवाजीमहाराजांचें. त्याची चांगली हकीकत कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरींत सांपडते. पागेंतील पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पांच हवालदारांस एक जुमलेदार, दहा जुमल्यांस एक हजारी, अशी चढती भांजणी होती. जुमलेदारास सालीना ५०० होन व हजाऱ्यास १००० होन. हें वेतन रोख मिळे किंवा सरकारी खजिन्यावर वरात मिळे. गांव तोडून दिला जात नसे. कोणा गडकऱ्याची वा शिलेदाराची घरची शेती असली तर तिचा सरकारधाराही त्याच्या पगारांत वळता करून घेत. दसऱ्यास फौज मुलूखगिरीस निघे तेव्हां प्रत्येकाच्या सामानाची यादी होई आणि परत आल्यावर झाडा घेतला जाई. अधिक निघालेला ऐवज सरकारांत जमा. इतकी काटेकोर चाकरी लोकांनीं आनंदानें कशी केली, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें कांहीं उत्तर प्रतापगडच्या प्रसंगांत आहे. १६५९ मध्यें अफझलखानाचा मोड झाल्यावर महाराजांनीं जखमी लोकांस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली; पडलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें; ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन चालू केलें; पराक्रमी लोकांस हत्ती, घोडे, कडीं, तुरे दिले. बक्षिसांत कित्येकांस गांवही मिळाल्याचें सभासद सांगतो, तेव्हां महाराजांनीं गांव कधींच कोणास दिला नाहीं हें आमच्या व्याख्यात्यांचें आवडतें विधान जरा आवरतें घेतलेलें बरें. परंतु सर्वसाधारण नियम स्पष्ट दिसतो. आपण पडलों तर घरचीं माणसें उघड्यावर पडणार नाहींत, एवढी खात्री शिपायास होती, आणि आमच्या मतें ती तुऱ्याहून व कड्याहून मोठी होती.

दुसरें कारण महाराजांच्या हुकूम देण्याच्या रीतींत सांपडतें. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणकडील छावणींतील अंमलदारांस लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. धान्य व वैरण आतांच मन मानेल तशी उधळाल तर पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, मग तुमचे लोक कुणब्याकडून दाणा, गवत, भाजी उपटून आणूं लागतील, आणि रयतेला वाटेल कीं यांच्यापेक्षां मोंगल बरे, अशी त्याची विचारसरणी आहे. रात्रीं दिवा ठेवून निजूं नका, उंदीर जळती वात ओढून नेईल व गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईपर्यंत तें पत्र उतरतें. छत्रपतीनें जुमलेदाराला नुसतें ‘असें करूं नये’ म्हटलें असतें तरी चाललें असतें. पण येथें प्रत्येक आज्ञेमागचें कारण दिलेलें आहे. ज्यास कारण सांगितलें जातें तो मनुष्य आपणांस कामांतील भागीदार समजूं लागतो. पुष्कळ साहेबांना आपल्या हाताखालच्यांस कारण सांगणें कमीपणाचें वाटतें. त्यांनीं हें पत्र एकदां अवश्य वाचावें.

दुसरें उत्तर निराळ्या काळाचें आहे. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीस गेले. खजिना नाहीं, रोख होन आणावे कोठून? उलट औरंगजेबाच्या दरबारीं मनसब व जहागीर कोणाही मराठ्यास खुली होती. अशा वेळीं महाराजांजवळ देण्याजोगें एकच होतें, अद्याप न जिंकलेला मुलूख. १६९१ मध्यें हणमंतराव घोरपडे यास दिलेल्या सनदेंत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटीं प्रत्यक्ष दिल्ली घेतल्यावर टप्प्याटप्प्यानें लक्षावधि होन देण्याचें अभिवचन आहे. स्वतःची राजधानी शत्रूच्या हातीं असतां दिल्लीचा वायदा करणें कोणास हास्यास्पद वाटेल; पण ज्यांना तो वायदा केला ते हंसले नाहींत, ते लढले. बाकीच्या सरदारांस वतनें व मोकासे मिळाले. १७०७ मध्यें औरंगजेब अहमदनगरास वारला तेव्हां मराठे मोडले नव्हते. राजारामांनीं थोरल्या महाराजांची शिस्त बुडविली असें म्हणणाऱ्यांनीं त्यांचा रिकामा खजिना लक्षांत घ्यावा.

तथापि या उत्तराची किंमत पुढें द्यावी लागली. रोख वेतनाचा चाकर धन्याच्या कामाकडे पाहतो, वतनाचा चाकर आपल्या शिवाराकडे. शिवाय हजारी मेला तर त्याच्या जागीं दुसरा लायक हजारी नेमतां येतो. वतनदाराचा मात्र मुलगाच वारस, मग तो तलवार धरो वा न धरो. १७१९ मध्यें चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्यावर सरदारांच्या वांटण्या अधिकच पक्क्या झाल्या, आणि मोहिमेस बोलावलें तर येणें हें ज्याच्या त्याच्या सवडीवर जाऊं लागलें.

सभासदानें बखर लिहिली ती १६९७ मध्यें, जिंजींत, राजारामांच्या आज्ञेवरून. म्हणजे मोंगलांचा वेढा गडाला पडला असतां आणि इकडे वतनांच्या सनदा सुटत असतां. रोख पगाराची पद्धत त्यानें इतक्या तपशिलानें कां नोंदली, हें तारखेवरून ध्यानांत येतें. याहून विलक्षण उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांचें. राजाराम जिंजीस असतां महाराष्ट्राचा कारभार पंतांच्याच हातीं होता. पुढें १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत त्यांनींच बजावलें आहे कीं वतनदार म्हणजे राज्यांतले लहान लहान राजेच, आणि चाकरीच्या लोकांस त्यांचें वेतन द्यावें, जमिनीचें इनाम देऊं नये. सनदा देण्याच्या काळांत इलाज नव्हता. इलाज नव्हता म्हणून डोळे मिटलेले मात्र नव्हते. खुद्द अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर विसाव्या शतकापर्यंत चालत राहिली.