आजारी जनावर: डॉक्टरांना लगेच बोलवावे की वाट पाहावी?

गोठ्यात एखादे जनावर मलूल दिसले, की ‘संध्याकाळपर्यंत बघू’ हा विचार पहिला येतो. तो नेहमीच चुकीचा नसतो. एका पशुवैद्यकाकडे अनेक गावे असतात, औषधांना खर्च येतो आणि काही किरकोळ तक्रारी दिवसभरात आपोआप कमी होतात. मात्र काही आजारांमध्ये हातात दिवस नसतात, तास असतात. म्हणून जनावर किती आजारी ‘दिसते’ यावरून निर्णय घेऊ नये. सकाळपर्यंत थांबलो तर काय होऊ शकते, हे पाहून घ्यावा. अंगावरचा मोठा चामखीळ दिसायला भयंकर असतो, पण आठवडाभर थांबतो. दुग्धज्वर झालेली गाय मान वळवून शांत झोपल्यासारखी दिसते आणि काही तासांत दगावू शकते.

आधी निरोगी जनावराची नोंद

प्रत्येक गोठ्यात एक थर्मामीटर असावा. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याच्या टोकाला थोडे खाद्यतेल लावून तो गुदद्वारात आतल्या बाजूला टेकवून धरावा, नुसता शेणात खुपसू नये. गाईचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हशीचे त्याहून किंचित कमी आणि शेळीचे १०१.५ ते १०३.५. भर उन्हात उभ्या असलेल्या म्हशीचे तापमान आजार नसतानाही वाढते, म्हणून सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवून मगच मोजावे. कान गरम लागले म्हणजे ताप, हा अंदाज फसवा आहे. आणि तापमान १०० च्या खाली जाणे हे ताप येण्याइतकेच गंभीर असते, विशेषतः नुकत्याच व्यालेल्या जनावरात.

दुसरी खूण रवंथ. खाऊन बसलेले निरोगी जनावर रवंथ करतेच. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोन वेळा पोटाची हालचाल हाताला जाणवते. ही हालचाल जाणवत नसेल आणि रवंथही थांबले असेल, तर जनावराने वैरणीला तोंड लावले तरी ते बरे आहे असे समजू नये. याशिवाय शेण, लघवीचा रंग, दूध आणि श्वास पाहावा. विश्रांतीत गाईचा श्वास मिनिटाला १० ते ३० च्या दरम्यान असतो.

जनावर धडधाकट असताना हे सगळे दोन-चार वेळा करून पाहावे. आपल्या गाईचे नेहमीचे तापमान माहीत नसेल, तर आजाराच्या दिवशी मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड जाते.

रात्र असली तरी थांबू नये

पोटफुगी: डावी भकाळी भरून पाठीच्या कण्याच्या वर येते, टिचकी मारल्यास ढोलासारखा आवाज येतो, जनावर मान ताणून तोंडाने श्वास घेते. फुगलेले पोट छातीवर दाब देते आणि जनावर गुदमरून मरते. कोवळा लसूणघास किंवा बरसीम उपाशीपोटी भरपूर खाल्ल्यावर फेसाळ पोटफुगी होते. जनावराला बसू देऊ नये. पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे आणि तोंडात आडवी काठी बांधावी, म्हणजे ते चघळत राहते, लाळ सुटते आणि ढेकर येण्यास मदत होते. पोटात सुरी खुपसण्याचे प्रयोग करू नयेत. चुकीच्या जागी भोक पडून पोटातील घाण आत सांडली, तर पोटफुगीतून वाचलेले जनावर नंतर दगावते.

अडलेले वेत: पाण्याची पिशवी फुटून जोरदार कळा सुरू असताना गाईमध्ये एक तास आणि पहिलारू कालवडीत फार तर दोन तास प्रगती दिसली नाही, तर डॉक्टरांना बोलवावे. एकच पाय, नुसते शेपूट किंवा पायांशिवाय डोके दिसत असेल तर तेवढेही थांबू नये. चार माणसांनी दोर लावून ओढू नये. म्हशीत आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. ती कळा देते, ऊठ-बस करते, पण पिशवीच दिसत नाही आणि काही तासांनी शांत होते. ‘कळा थांबल्या, उद्या विईल’ असे समजून लोक झोपतात. अशा वेळी गर्भाशयाला पीळ पडलेला असण्याची शक्यता मोठी असते. उशीर झाला तर पारडू जातेच, म्हैसही हातची जाते.

व्याल्यानंतर मायांग पूर्ण बाहेर आले, तर ते स्वच्छ ओल्या कापडावर घ्यावे, वरून स्वच्छ थंड पाणी टाकत राहावे आणि कुत्री-कावळे जवळ येऊ देऊ नयेत. स्वतः आत ढकलू नये.

दुग्धज्वर: नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशीत व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातील कॅल्शियम एकदम घटते. कान थंड पडतात, मागचे पाय डळमळतात, जनावर खाली बसते आणि मान कुशीकडे वळवते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ते अनेकदा थोड्याच वेळात उठून उभे राहते, म्हणून हे काम सोपे वाटते. पण तेच कॅल्शियम घाईने सोडले तर हृदय बंद पडते. हे इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यावे.

घटसर्प आणि फऱ्या: पावसाळ्याच्या तोंडावर १०५-१०६ अंशांचा ताप, गळ्याखाली गरम सूज आणि घुरघुर असेल तर तो घटसर्प असू शकतो. म्हशीत तो जास्त होतो आणि एका दिवसात जीव घेतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाचे, अंगाने चांगले भरलेले जनावर अचानक लंगडू लागले आणि फऱ्यावरील सूज दाबल्यावर चरचर आवाज आला, तर तो फऱ्या. दोन्हींवर उपचार पहिल्या काही तासांतच लागू पडतात. लस मात्र स्वस्त आहे आणि ती पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

विषबाधा: ज्वारी पिकवणाऱ्या भागात किराळ लागण्याचा धोका जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे, पण कापणीनंतरच्या फुटव्यांकडे दुर्लक्ष होते. फुलोऱ्यापूर्वीची कोवळी ज्वारी, पावसाने ताण दिलेले पीक आणि खोडव्याचे हिरवे पोंगे यांत सायनाइड तयार करणारे घटक जास्त असतात. ताण पडून मग एक पाऊस झाल्यावर जे लुसलुशीत फुटवे येतात, ते सर्वांत धोकादायक. जनावर खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात धापा टाकते, तोल जातो, तोंडातील त्वचा लालभडक दिसते. यावरचे औषध शिरेतून द्यावे लागते आणि फोन करण्यात घालवलेली दहा मिनिटेही महाग पडतात. ज्वारीचा हिरवा चारा ५० टक्के फुलोऱ्यानंतरच कापावा आणि फुटव्यांच्या रानात जनावर सोडू नये.

कीटकनाशकाची बाधा झाल्यास लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात. फवारणीचा पंप हौदावर धुतला किंवा फवारलेल्या बांधावरचे गवत कापून आणले, अशी साधी कारणे असतात. औषधाची बाटली किंवा तिच्यावरील लेबल डॉक्टरांना दाखवावे, कारण उतारा त्यावर ठरतो.

लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपलीभर गाईपुढे ओतली जाते. धान्याचे पोते फोडून खाल्लेल्या जनावराची गतही तीच. पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, आंबूस वासाचे पातळ शेण पडते आणि दुसऱ्या दिवशी जनावर उठत नाही. जनावराने भरपूर खाल्ले आहे हे कळताच, लक्षणे दिसण्यापूर्वीच फोन करावा. पाणी पाजून ‘जिरवण्याचा’ प्रयत्न करू नये.

बैल किंवा बोकड वारंवार लघवीसाठी जोर करतो आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्गात खडा अडकलेला असू शकतो. हे पोटदुखीचे लक्षण समजून काढे पाजण्यात दिवस घालवला, तर मूत्राशय फुटते.

त्याच दिवशी दाखवावे

ताप १०४ च्या वर असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर गोचीडताप गृहीत धरून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. संकरित गाईंना तो जास्त होतो. लघवी चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची झाली असेल तर आजार पुढे गेलेला असतो. कासदाहात दुधात गाठी दिसताच उपचार सुरू झाले तर सड वाचतो. कास निळसर आणि थंड पडली तर मात्र तो तातडीचा रुग्ण आहे. वार १२ तासांत पडला नाही तर डॉक्टरांना कळवावे. वाराला दगड किंवा चप्पल बांधून ओढण्याची पद्धत सोडून द्यावी.

वासराची हगवण मोठ्या जनावरासारखी मोजू नये. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच बसत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा वासरू दूध ओढत नसेल, तर त्याच्या अंगातील पाणी फार कमी झाले आहे. दूध ओढणाऱ्या वासराला क्षार-साखरेचे द्रावण घरीच सुरू करता येते. न ओढणाऱ्या वासराला सलाईन लागते.

कधी थांबता येते

एक वेळची वैरण सोडली, पण तापमान ठीक आहे, रवंथ चालू आहे आणि शेण नेहमीसारखे आहे, तर पुढच्या वैरणीपर्यंत पाहता येते. चारा बदलल्यानंतरचे पातळसर शेण, खुरातील काट्याने आलेला किरकोळ लंगडेपणा, वरवरची जखम यांनाही थोडा वेळ देता येतो. मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. दर चार तासांनी तापमान आणि रवंथ पाहून वहीत लिहावे. सलग दोन वेळची वैरण सोडली, दूध निम्म्यावर आले किंवा ताप चढू लागला, की थांबणे संपले. जखमेत अळ्या दिसल्या तर ती किरकोळ राहत नाही.

डॉक्टर येईपर्यंत

सर्वांत जास्त नुकसान पाजण्याने होते. बसलेल्या, मान टाकलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटलीने काहीही ओतू नये. गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध श्वासनलिकेत जाते आणि मूळ आजार बरा झाला तरी फुप्फुसाच्या दाहाने जनावर मरते. पोटफुगीत गाईला २५० ते ५०० मिली खाद्यतेल देण्याचा सल्ला दिला जातो, तो जनावर उभे असून नीट गिळत असेल तरच. तेव्हाही जीभ ओढू नये, मान फार उंच करू नये.

आदल्या वेळी उरलेले प्रतिजैविक अंदाजाने टोचू नये. एका इंजेक्शनने ताप उतरतो, लक्षणे झाकली जातात आणि डॉक्टरांना रोग ओळखणे कठीण होते. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरण्यावर २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडे मरतात. माणसांसाठीची कुपी आणून टोचणे हा त्यावरचा उपाय नाही.

फोनवर ‘जनावर आजारी आहे’ एवढेच सांगू नये. वय, गाभण की व्यालेले, शेवटची वैरण कधी व कोणती, तापमान, शेण-लघवी, कोणते औषध दिले, हे सांगितल्यास डॉक्टर योग्य औषधे घेऊन निघतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जवळच्या दवाखान्याचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. रात्री मोबाइलमध्ये तो शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

राखणीचे कुत्रे

कुत्र्याच्या पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू झाल्या तर एक दिवसही थांबू नये. कुत्र्याला माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने त्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एका वेळेचे जेवण सोडलेले पण खेळणारे, पाणी पिणारे कुत्रे उद्यापर्यंत पाहता येते.

हात लावण्यापूर्वी

गाय विचित्र ओरडते, लाळ गाळते, गिळत नाही, तेव्हा ‘घशात काही अडकले’ म्हणून तोंडात हात घातला जातो. रेबीजमध्येही अगदी हीच लक्षणे असतात. महिना-दोन महिन्यांपूर्वी कुत्रे किंवा कोल्हा चावला होता का, हे आठवून पाहावे आणि हात न घालता डॉक्टरांना बोलवावे. हात घातला गेलाच असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जनावराला पिसाळलेले कुत्रे चावल्याचे समजले, तर तेव्हाच लसीकरण सुरू करता येते. लक्षणे दिसू लागल्यावर उपाय नाही.

गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना टाकू नये. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही बाधतो. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ती फाशी असू शकते. असे मढे फाडू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. जागेवर झाकून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित संसर्गजन्य रोगाची शंका आल्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे. जनावराचा विमा असेल तर कानातील १२ अंकी बिल्ला काढून टाकू नये आणि पंचनाम्यापूर्वी मढे पुरू नये.