तळटीप १४ : ‘दिवसाची वीज’
१४. दिवसाची वीज : महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देणारी, १ जुलै २०२५ पासून अमलात आलेली दररचना येथे अभिप्रेत आहे, आरंभी प्रतियुनिट ८० पैसे असलेली ही सवलत वेळेनुसार युनिटांची स्वतंत्र नोंद ठेवणारा मीटर बसवलेल्या घरांनाच मिळते. त्यापूर्वी उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील वीज स्वस्त पडत असे, ब्रिटनमधील ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजनेतही रात्रीचेच सात तास सवलतीचे असतात. सौरऊर्जेमुळे भर दुपारी वीज मुबलक होऊ लागली, तसा महाराष्ट्रात हा क्रम उलटला. परिच्छेदातील ‘कमाल दर’ म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने निश्चित केलेला दर असून, त्याहून अधिक वसूल झालेली रक्कम वीज कायदा, २००३ च्या कलम ६२(६) नुसार ग्राहकास व्याजासह परत मागता येते. सवलतीची वेळ पाळणे मात्र नेहमीच ग्राहकाच्या हाती नसते : छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी येते व ते येईल त्याच वेळी मोटार लावावी लागते. ती रात्री लागली, तर तेवढ्या युनिटांवर सवलत मिळत नाही.