मोठेबाबांची बाटली आणि बलसारांचा खटला

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आधी परवाची गोष्ट सांगतो, मग इतिहासाकडे येतो.

तिवस्याकडचं एक लग्न आटोपून मोटारसायकलने तळेगावला परत येत होतो. दुपारचं ऊन, हायवेवरची धूळ, म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. वाटेत एका ठिकाणी तपासणी सुरू होती. जागा सांगत नाही, तो शिपाई आपलं कामच करत होता.

"कुठून येऊन राहिले?"

"लग्नातून."

"काय पेले?"

"काहीच नाही."

"मग एवढा वास कायचा मारून राहिला?"

वास खरोखरच मारत होता. निघताना मी मानेला आणि त्या रुमालाला कोलन लावलं होतं. साधंसुधं नाही, पन्नासेक वर्षांपूर्वीचं, मोठेबाबांच्या बाटलीतलं. यंत्रात फुंकायला लावलं तर आकडा थोडा हलला. रुमाल काढून पंधरा मिनिटं बाजूला थांबायला सांगितलं. तेवढ्यात एकाने ओळखलं, "अरे, हे तर आपले सर!" लगेच खुर्ची आली, पाणी आलं. दुसऱ्यांदा फुंकलं तर शून्य.

त्याच पंधरा मिनिटांत एका पोराला अडवलं. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा असावा, कपड्यांवर सिमेंट होतं. त्यानेही कसला तरी स्वस्तातला स्प्रे भरपूर मारला होता. तोही म्हणाला, पेलो नाही. त्याला सांगितलं, "खाली बस." तो मातीत बसला. त्याचाही आकडा शून्यच निघाला. दोघंही सुटलो.

दोघांचा आकडा एक, दोघांचा "गुन्हा" एक, म्हणजे अंगाला वास येणं. फरक खुर्चीचा आणि मातीचा. हेच डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

आता बाटलीबद्दल. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ट्रक चालवायचे. आपल्या गावावरून जाणारा हायवे आज 53 नंबरचा आहे, तेव्हा 6 नंबरचा होता. हजिऱ्याहून निघालेला तो रस्ता अमरावती, तळेगाव, नागपूर, रायपूर करत थेट कलकत्त्याला जायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अशाच एका खेपेत त्यांनी कलकत्त्याहून ही बाटली आणली. लेबल आता घासून गेलंय. कंपनीचं नाव वाचता येत नाही, "फॉर मेन" एवढंच उरलंय. हा माल दुकानात मिळणं केव्हाच बंद झालं. वास कसा? पहिला झटका लवंगेसारखा, मग चामडं, मग ओल्या लाकडावरचं शेवाळ, आणि शेवटी कस्तुरी, जी दुसऱ्या दिवशीही बनियनला राहते. आजकालच्या स्प्रेसारखा हा वास लाजत नाही. माणसाच्या आधी खोलीत शिरतो आणि माणूस गेल्यावरही बसून राहतो.

असे जबर वास आता का बनत नाहीत, तर केवळ फॅशन बदलली म्हणून नाही. खरी कस्तुरी हरणापासून मिळते. त्या हरणाला आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. बाटल्यांमध्ये असायची ती बहुधा रासायनिक कस्तुरी, आणि तिच्यातले काही जुने प्रकार अपायकारक ठरून बंद झाले. त्या शेवाळी वासासाठी वापरायच्या अर्काने कातडीला ॲलर्जी होते, म्हणून त्याच्यावरही मर्यादा आल्या. तेव्हा ही बाटली संपली की तो वास संपला. तळाला चार बोटं उरलंय, रंग चहासारखा झालाय.

पण मोठेबाबांनी ती बाटली आणली कुठे, तर वर्धा जिल्ह्यात. 1974 पासून आपला जिल्हा दारूबंदीचा. गांधींचा जिल्हा, सेवाग्राम इथलं, म्हणून. मोठेबाबा दारूला शिवत नव्हते. नदीपल्याडच्या मोझरीत तुकडोजी महाराजांची भजनं ऐकून वाढलेला तो माणूस. डिझेलचा आणि घामाचा वास जावा म्हणून घरी आले की आंघोळ करायचे आणि दोन थेंब लावायचे. त्यांचे दोन थेंब म्हणजे आपली अर्धी ओंजळ! गावाने काय अर्थ काढला असेल ते तुम्हाला सांगायला नको. ट्रक चालवतो, रात्री-अपरात्री येतो, आणि वरून हा वास. "लपवून राहिला."

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. पण माझ्या चुलत बहिणीची सोयरीक जवळपास पक्की झाली होती. सुपारी फुटायची बाकी होती. पाहुणे आले, बैठकीत बसले, मोठेबाबा आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, कोलन लावून समोर आले. आठ दिवसांत निरोप आला, मुलीचा बाप पेतो म्हणतात. सोयरीक मोडली. बहिणीचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं, पण मोठेबाबांनी त्या दिवशी बाटली पेटीत ठेवली ती पुन्हा काढली नाही. मला ती त्यांच्या मागे, पेटी उघडली तेव्हा सापडली.

आता इतिहास. कारण मोठेबाबांना कोणी सांगितलंच नाही की त्यांच्या हातातल्या बाटलीवर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आधीच निकाल लागलेला होता.

कोलन हे जर्मनीतल्या एका शहराचं नाव. 1709 मध्ये तिथे फारिना नावाच्या इटालियन घराण्याने सुगंधी पाण्याचा धंदा सुरू केला, आणि "कोलनचं पाणी" जगभर गेलं. सुरुवातीला लोक ते अंगाला लावायचे तसं औषध म्हणून प्यायचेही. 1810 मध्ये नेपोलियनने फर्मान काढलं की पोटात घ्यायच्या औषधांची कृती सरकारला सांगावी लागेल. कोलनवाल्यांना कृती सांगायची नव्हती. त्यांनी जाहीर केलं, आमचं पाणी फक्त बाहेरून लावायचं. म्हणजे ही बाटली प्यायची की लावायची, हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे.

आपल्याकडे ते आलं ते साहेबाच्या कपाटातून, पण रुळलं ते आजारपणात. जुन्या लोकांना आठवेल, ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या. टाटांच्या तेल कंपनीचं ओडिकोलन शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत असायचं. त्यात दारू असते हे कोणाच्या मनातही येत नसे. असते मात्र भरपूर. बाटलीतला बराचसा भाग अल्कोहोलच असतो, म्हणून तर कपाळ गार पडतं.

मग आला 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. या कायद्याने "मद्य" शब्दाची व्याख्या एवढी रुंद केली की अल्कोहोल असलेला कोणताही द्रव पदार्थ तिच्यात बसला. व्हिस्की बसली, ताडी बसली, खोकल्याचं औषध बसलं आणि ओडिकोलनही बसलं. जवळ बाळगणं हाच गुन्हा.

फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन काही महिनेच झाले होते. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी, बिअर होती, आणि ओडिकोलन, लॅव्हेंडर वॉटर, अल्कोहोल असलेली औषधंही होती. छगला मुख्य न्यायाधीश असताना, 1950 मध्ये उच्च न्यायालयाने कायद्यातली बरीच कलमं रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 25 मे 1951 ला न्यायमूर्ती फझल अली यांनी निकाल दिला.

निकाल दोन्हीकडे पाहणारा आहे, म्हणून मला तो आवडतो. न्यायालयाने सांगितलं की दारूबंदी करण्याचा राज्याला अधिकार आहे. व्हिस्की पिण्याचा हक्क बलसारांना मिळाला नाही. कायदा मुळापासून उडाला नाही. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ ठेवायला, वापरायला बंदी घालणं हे मालमत्तेच्या हक्कावरचं अवाजवी बंधन आहे, तेवढ्यापुरती ती कलमं रद्द. थोडक्यात, दारू बंद करा, पण त्या नावाखाली माणसाच्या कपाटातली कोलनची बाटली उचलू नका.

पुढे 1952 मध्ये कायद्यात कलम 24-अ आलं. दारू म्हणून पिण्यालायक नसलेली प्रसाधनं, औषधं, जंतुनाशकं यांना या बंदीतून सूट. "पिण्यालायक नसलेली" हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, कारण तोवर मुंबईत लोक आल्याचं टिंक्चर बाटल्याच्या बाटल्या पीत होते. पळवाट होती, हे मान्य करायला हवं. ज्या मालमत्तेच्या हक्कावर बलसारा जिंकले तो 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. पण 24-अ कायद्यात आहे.

दुसरा खटला तर आणखी मजेचा आहे. 1951 मध्येच मुंबईत रात्री एका जीपने माणसांना धडक दिली. चालवणाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास. चालवणारा कोण, तर मुंबईचे प्रभारी आरटीओ पेसिकाका! ते म्हणाले, मी दारू नाही, अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1954 मध्ये दारूबंदीखालची त्यांची शिक्षा रद्द झाली. नुसता वास पुरेसा नाही, मनाई असलेली दारूच घेतली होती हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असा त्याचा अर्थ.

हे सगळं चाललं तेव्हा आपण मुंबई राज्यात नव्हतोच. तळेगाव तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1959 ला मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्यापर्यंत आला. येताना तो सुधारून आला. रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर ते औषधाचं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. त्यासाठी संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरकडे नेऊन तपासायची, रक्त घ्यायची सोयही कायद्यात आहे. म्हणजे कायद्याने नाकाच्या जागी रक्ताचा आकडा आणला. चांगलंच केलं.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगतो, मी दारूबंदीच्या बाजूचा आहे. मोहा सडवा कुठे कुठे सापडतो ते आपण बातम्यांत वाचतोच. नदीपलीकडून पेट्या कशा येतात हेही सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याच्या दारूपायी घर बुडालेल्या बायका मी शाळेत पालक म्हणून पाहिल्यात, त्यांच्यासमोर "हक्क, हक्क" करायची माझी हिंमत नाही. तपासणी झालीच पाहिजे. मला थांबवलं याचा मला राग नाही.

पण पन्नास वर्षांत दारूबंदीने आपल्या नाकाला एक सवय लावली. वास आला की माणूस पेलेला, आणि चांगला वास आला तर लपवणारा. ही सवय पोलिसांपेक्षा गावाला जास्त आहे. मोठेबाबांना कोणत्याही शिपायाने कधी पकडलं नाही. त्यांना पकडलं आपण. ना यंत्र, ना डॉक्टर, ना वकील. बैठकीत एक श्वास घेतला आणि निकाल दिला. मुंबईच्या बलसारांना न्यायालय मिळालं, आरटीओसाहेबांना वकील मिळाले, मला खुर्ची मिळाली. मोठेबाबांना काय मिळालं, आणि त्या सिमेंटवाल्या पोराला काय मिळालं?

सुटल्यावर त्या पोराला मी विचारलं, एवढा स्प्रे कशाला मारतोस? लाजून म्हणाला, "सर, दिवसभर सिमेंटात असतो. घरी लहान पोरगी हाये, जवळ येत नाही."

मोठेबाबांच्या घरीही लहान पोरगीच होती.

म्हणून मी ती बाटली आता पेटीत ठेवत नाही. ग्रामसभेला लावून जातो, लग्नाला लावून जातो. संपेपर्यंत लावणार. कोणी विचारलं तर बलसारांची गोष्ट सांगतो. परवा एका जुन्या माणसाने जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाला, "हा तर तुझ्या मोठ्या बाबाचा वास. पेत होता बिचारा." मी म्हटलं, "काका, बसा. पंधरा मिनिटं द्या मला."

त्यांनी दिली. उठताना म्हणाले, "मंग आमचं चुकलंच म्हणायचं."

चाळीस वर्षांनी का होईना, निकाल फिरला. तुमच्याही घरच्या, गावच्या कोणावर नुसत्या वासावरून असा शिक्का बसला असेल तर खाली लिहा. नावं नकोत, गोष्ट सांगा.