खडीवरचा फुटबॉल : टास्मानियातील एका लुप्त लीगची कहाणी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम भागातील क्वीन्सटाउन हे तांब्याच्या खाणीवर वसलेले गाव. तेथील मैदानावर गवत नाही, दाबून बसविलेली खडी आहे. याच खडीवर खाणकामगारांचे हौशी संघ कित्येक दशके ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळले.

या खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे लिहिले गेले. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू आणि प्रत्येक बाजूस १८ खेळाडू. चेंडू असलेल्या खेळाडूस कवेत धरून खाली पाडण्याची मुभा असल्याने हा खेळ एरवी हिरवळीवरच खेळला जातो. क्वीन्सटाउनमध्ये मात्र प्रत्येक पडण्याबरोबर गुडघे व कोपरे सोलवटून निघत.

या खडीमागे तांब्याचाच इतिहास आहे. १८९६ मध्ये माउंट लायल कंपनीची भट्टी पेटली. इंधनासाठी डोंगरांवरील झाडे तोडली गेली, गंधकयुक्त धुराने उरलेली वनस्पती जळाली आणि वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पडणाऱ्या पावसाने माती वाहून नेली. डोंगर उघडे पडले. अशा हवेत आणि अशा पावसात मैदानावर हिरवळ टिकणे अशक्यच होते.

होबार्टशी जोडणारा रस्ता १९३२ मध्ये होईपर्यंत हा भाग जवळजवळ एकाकी होता. त्यामुळे स्पर्धाही गावातल्या गावातच रंगत. एका संघाचे नावच 'स्मेल्टर्स', म्हणजे भट्टीवाले, असे होते. १९६० च्या दशकात झीहान व रोझबेरी या शेजारच्या खाणगावांतील संघांसह 'वेस्टर्न टास्मानियन फुटबॉल असोसिएशन' ही लीग उभी राहिली.

तिचे भवितव्य खाणीशीच बांधलेले होते. १९६९ मध्ये भट्टी बंद झाली, पुढे कामगार घटले आणि संघांना खेळाडू मिळेनासे झाले. १९९० च्या दशकात लीग संपुष्टात आली. उरलेला क्वीन्सटाउनचा संघ बेटाच्या उत्तरेकडील डार्विन फुटबॉल असोसिएशनमध्ये दाखल झाला आणि पाहुण्या संघांना खडीची धास्ती वाटू लागली.

१९९४ च्या अखेरीस माउंट लायल कंपनीने खाण सोडली. १९९९ मध्ये ती भारतातील स्टरलाइट समूहाकडे आली. स्टरलाइटचा तांबे शुद्धीकरण प्रकल्प आधी रत्नागिरीत होणार होता, परंतु बागांवरील धुराच्या परिणामांच्या भीतीने स्थानिकांनी केलेल्या विरोधामुळे तो १९९४ मध्ये तुतिकोरीनला गेला. अशाच धुराने उजाड झालेले डोंगर क्वीन्सटाउनमध्ये उभे होते. खाणीतील जीवघेण्या अपघातांनंतर २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबले.

एकेकाळी पाच हजारांवर वस्ती असलेल्या या गावात २०२१ मध्ये सुमारे १,८०० लोक उरले होते. भट्टीचा धूर थांबल्यावर डोंगरांवर पुन्हा झाडोरा दिसू लागला. मैदान मात्र गावाने खडीचेच ठेवले. २०१६ च्या कलामहोत्सवातही त्याच खडीवर सामना रंगला.