मामांची पिशवी आणि सिएटलची सात माणसं: डायलिसिसच्या नोंदींची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या इतिहासाच्या भागाचा लेखी मजकूर. एसटीत रेंज जाते म्हणून बऱ्याच जणांनी वाचायला मागितला होता. बोललो तसाच ठेवलाय, थोडा नीट करून.

सुरुवात घरापासून करतो. माझे मामा पाथर्डी तालुक्यातले. मामा-मामी मिळून एक कोयता, अशी वीसेक वर्षं ऊसतोड केलेली. चार वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. म्हणजे पहाटेची एसटी, सुमारे ५० किलोमीटरवर नगर (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच), चार तास मशीनवर आणि संध्याकाळपर्यंत परत. मामांच्या हातात कायम एक पिशवी, कापड दुकानातली. तिच्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, गोळ्यांच्या चिठ्ठ्या.

मागच्या हंगामात दिवाळीनंतर टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलेली होती, त्यामुळे मामी आणि मामेभाऊ तोडीला गेले आणि मामा त्यांच्याबरोबर कोपीवर राहायला. कारखान्याच्या पट्ट्यात डायलिसिसचं सेंटर आहे हे आधीच विचारून ठेवलं होतं. पण तिथे गेल्यावर प्रश्न आले. एचआयव्ही आणि कावीळ बी, सी चे रिपोर्ट कुठे? ड्राय वेट किती? शेवटचं डायलिसिस कधी झालं? हे प्रश्न बरोबरच होते. ही माहिती नसताना पेशंटला मशीनवर घेणं धोक्याचं, त्याला आणि शेजारच्यालाही. पिशवीत रेशनकार्ड होतं, हे काहीच नव्हतं. जुन्या सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, "पेशंटला घेऊन या, मग कागद देतो." यात दोन दिवस गेले. मामांचा चेहरा सुजला, रात्री आडवं होता येईना.

निभावलं. पण नंतर मी स्वतः जाऊन कागद आणले, तेव्हा त्यात इंग्रजीत एक शब्द दिसला: नॉन-कम्प्लायंट. म्हणजे पेशंट ऐकत नाही. मामांची दोन डायलिसिस चुकली होती, त्याची ही नोंद. एका दिवशी पहाटेची एसटी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे उचलीचा हिशेब होता. दोन्ही कारणं मामा विचारलं असतं तर सांगणार होते. लिहिलं मात्र कुणीच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काही बंद पडलं की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठे आहे. आणि "युजरची चूक" असं लिहून तिकीट बंद करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी प्रकार. मग डोक्यात बसलं की डायलिसिसच्या पेशंटबद्दल काय लिहायचं, कुणी लिहायचं, हे ठरलं कसं? शोधत गेलो तर इतिहास निघाला. आणि त्याची सुरुवात जरा भीतीदायक आहे.

कृत्रिम किडनीचं पहिलं चालणारं यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये बनवलं, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. पण ते तात्पुरत्या आजारापुरतं होतं. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडायला लागायची, त्यामुळे आयुष्यभर डायलिसिस हा प्रकारच शक्य नव्हता. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा मशीनवर घेता यायला लागला. १९६२ मध्ये तिथे डायलिसिसचं स्वतंत्र सेंटर सुरू झालं.

आता अडचण बघा. मशीन मोजकी, पेशंट कितीतरी. आधी डॉक्टर लोक तब्येतीवरून चाळणी लावायचे. उरलेल्यांतून कुणाला घ्यायचं हे ठरवायला एक समिती नेमली, सात जणांची. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. त्यांची नावं गुप्त. त्यांच्यापुढे पेशंटची जी माहिती यायची तिच्यात वय, लग्न, घरात खाणारी तोंडं किती, उत्पन्न, शिक्षण, काम, स्वभाव, पूर्वी काय केलं आणि पुढे काय करेल, असं सगळं असायचं. शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी नोव्हेंबर १९६२ मध्ये लाइफ मासिकात हे छापलं आणि अमेरिका हादरली.

मी हे वाचताना मामांना त्या फॉर्मवर बसवून बघितलं. शिक्षण चौथी. काम हंगामी. वर्षातले पाचसहा महिने पत्ता बदलता. उत्पन्नाच्या रकान्यात उचल लिहायची की कर्ज? त्या सात जणांनी मामांना घेतलं असतं का, सांगता येत नाही. लक्षात घ्या, त्यांची "परिस्थिती" लिहून घेतली जात होती ती त्यांना मदत करायला नव्हे. ते लायक आहेत का, हे तपासायला.

यातून सुटका झाली ती पैशाची सोय झाल्यावर. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या पेशंटने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसून डायलिसिस करून दाखवलं. १९७२ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९७३ पासून बहुतेक पेशंटचा खर्च सरकारच्या मेडिकेअर योजनेने उचलला. आता लायकी तपासायचं कारणच उरलं नाही. मग परिस्थिती कशाला लिहायची? १९७६ च्या नियमांनी डायलिसिस सेंटरमध्ये समाजसेवक आणला, आणि २००८ च्या नियमांनी त्याच्या नोंदींना नीट चौकट दिली.

ती चौकट सोप्या भाषेत सांगतो. समाजसेवकाकडे सोशल वर्कची मास्टर्स डिग्री हवी. नवीन पेशंट आला की ३० दिवस किंवा १३ डायलिसिस, यातलं जे नंतर येईल, तोवर पूर्ण तपासणी कागदावर हवी. तिच्यात रक्ताच्या रिपोर्टबरोबर मनाची आणि घरची गरज, सोबत कोण आहे, माणूस कामावर परत जाऊ शकतो का, त्याला स्वतःला काय हवंय, हेही हवं. तीन महिन्यांत पुन्हा एकदा. मग तब्येत स्थिर असेल तर वर्षातून एकदा, नसेल तर दर महिन्याला. आणि घरच्या परिस्थितीत मोठा बदल झाला तरी पेशंट "अस्थिर" धरायचा.

यातले दोन नियम मी मामांसाठी वेगळे काढून ठेवलेत. पहिला: ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही, तर का गाठता आलं नाही हे लिहायचं आणि योजना बदलायची. म्हणजे नुसतं "ऐकत नाही" चालत नाही. दुसरा: पेशंट दुसऱ्या सेंटरला गेला की मागितलेली सगळी माहिती एका कामकाजाच्या दिवसात पाठवायची. ती जबाबदारी सेंटरची, पेशंटच्या पिशवीची नाही.

तिथे सगळं गोड आहे असं नाही. एका समाजसेवकाकडे किती पेशंट असावेत, हा आकडा त्या केंद्रीय नियमांत नाही. पण कागदाची दिशा बदलली. आधी तो पेशंटविरुद्ध वापरता यायचा, आता सेंटरला जाब विचारायला वापरता येतो.

आता आपल्याकडे या. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टिस. १९४६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, देशातली ही पहिली नेमणूक समजतात. सरकारी रुग्णालयात "समाजसेवा अधीक्षक" अशी पाटी दिसते ना, तिची मुळं इथे आहेत.

आपल्याकडे या माणसाच्या लेखणीला सर्वात जास्त वजन आलं ते धर्मादाय रुग्णालयांमुळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये योजना लागू झाली: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत. पेशंट कुठल्या गटात बसतो हे बघायचं काम रुग्णालयातल्या समाजसेवकाचं, तहसीलदाराचा दाखला नाहीतर रेशनकार्ड बघून. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिथे कार्ड बघून नोंदणी करतो आरोग्यमित्र. २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत.

या योजनांनी माणसं जगवली, मामा त्यातलेच एक. पण आपल्या नोंदींचा सगळा जोर अजून पहिल्या प्रश्नावर आहे: हा बसतो का? एक उदाहरण देतो. फुले योजनेच्या आधीच्या नियमांत पांढरं रेशनकार्ड असलेला शेतकरी बसायचा, पण फक्त १४ जिल्ह्यांत. त्यात बीड होतं, नगर नव्हतं. म्हणजे पाथर्डीची शीव ओलांडली की तोच दुष्काळ, तीच बाजरी, तोच आजार, पण एक शेतकरी आत आणि एक बाहेर. २०२३ मध्ये योजना सगळ्या कुटुंबांना खुली करायचा निर्णय झाला.

ही पायरी अमेरिकेच्या १९७२ सारखी आहे. "बसतो का" हा प्रश्न मागे पडत असेल, तर त्या रकान्यात आता दुसरा प्रश्न यायला हवा: याला डायलिसिसपर्यंत पोचायला काय आडवं येतंय? एसटी, मुकादम, पाणी, एकटेपणा, काय ते. पाथर्डीसारख्या तालुक्यात तर एक रकाना पक्का हवा: हंगामात कुठे जाणार?

तोवर आपल्या हातात काय आहे? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत कागद द्यायचे असतात. तेव्हा आधीच, लेखी मागा. व्हायरल मार्करचे रिपोर्ट, ड्राय वेट, शेवटच्या काही डायलिसिसचा तक्ता, चालू औषधं. फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. आणि डायलिसिस चुकलं तर कारण सांगा, ते लिहायला लावा. नम्रपणे, पण लावाच.

यंदा टोळी निघायच्या आधी मी मामांना घेऊन सेंटरवर गेलो. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं: नोव्हेंबर ते मार्च स्थलांतर, पुढचं सेंटर अमुक, सोबत मुलगा, पहाटेची एसटी बेभरवशाची. चार ओळी. मामांनी मला बाहेर आल्यावर त्या मोठ्यानं वाचायला लावल्या. म्हणाले, "हे माझंच हाये बघ." आणि कागद घडी करून रेशनकार्डाच्या वर ठेवला.

तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर आज त्यांची पिशवी उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात.