आजीची फायरप्लेस

परवा भाचीने पुण्याहून भिंतीतल्या फायरप्लेसचे फोटो पाठवले. लाकडी चौकट, वर फळी, फळीवर शोभेच्या वस्तू. "मामा, कोणती छान?"

कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये चिखलदरा शोधला. अशा थंड जागी साहेब विलायतेतली ही सवय सोबत घेऊन गेला. आमच्या बपेऱ्यात मात्र भिंतीलगत चूल, शेजारी वैल. आजी पहाटे राख काढून पोतेरं फिरवायची, सणाला पांढऱ्या मातीची बोटं ओढायची. वर कोनाड्यात मीठ, काडेपेटी. हीच सजावट! धुराने ती आयुष्यभर खोकली, ते मात्र आम्ही कौतुकात विसरतो.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. पुढे घरोघर गॅस. आमचीही चूल मोडली. पण चुना मारला तरी भिंतीवर काजळीचा डाग उमटतोच.

भाचीला त्याचाच फोटो पाठवलाय. बघू काय म्हणते!